आजाऱ्याचा वेळ

डोंगरापलीकडच्या पाच वस्त्यांना बस एकच आणि तिचा ड्रायव्हरही एकच. लोक त्याला 'वारा' म्हणत आणि हे नाव त्याने अंगाऱ्यासारखं कपाळी लावलं होतं. म्हणून सरकारी मोजणीच्या बाई हातात घड्याळ घेऊन त्याच्या रिकाम्या बसमध्ये बसल्या, तेव्हा त्याला वाटलं, आज आपलं कौतुक कागदावर चढणार. त्याने बस अशी काही हाणली, की वळणंसुद्धा अंग चोरून उभी राहिली.

दवाखान्याच्या फाटकाशी ब्रेक दाबून तो ऐटीत वळला. "बोला बाई, किती?"

"अठ्ठावीस मिनिटं." बाईंनी आकडा लिहिला. "काका, दवाखाना अर्ध्या तासाहून लांब असेल, तरच त्या भागाला डॉक्टर मंजूर होतो. तुमचा भाग यात बसत नाही हो."

वाऱ्याचं तोंड उतरलं. पाच वस्त्यांच्या तोंडचा डॉक्टर त्याने आपल्याच पायाने पळवून लावला होता.

"मग परत मोजा. हळू नेतो."

"मुद्दाम हळू नेलेलं मला लिहिता यायचं नाही."

बाई त्याच बसने माघारी आल्या आणि त्या दिवशी वस्तीवरच मुक्कामाला राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परतायला निघाल्या, तर बस तीच. मागच्या बाकावर तीन गाद्यांवर वाऱ्याची थोरली बहीण आडवी होती. तिचं खुब्याचं हाड मोडलेलं, आज तपासणी होती.

धुकं दाटलं होतं. रस्ता दिसत नव्हता, नुसता पांढरा कापूस, आणि त्यातून बस होडीसारखी सरकत होती. खड्डा येण्याआधीच वाऱ्याचा पाय हलका होई. अक्का अर्धवट झोपेत देवाचं नाव घेत होती आणि हळूहळू चाकांनीही तीच लय धरली. झाडं जवळ येत, थबकत, विरून जात. घड्याळ नावाची वस्तू जगात आहे, हेच तो विसरला.

"रस्ता नवा केला का रे?" अक्काने विचारलं.

"नाही गं."

"मग बस विकून पाळणा घेतलास वाटतं."

फाटक आलं. बाई म्हणाल्या, "एक तास चार मिनिटं."

तो दचकला. "बाई, देवाशपथ, मुद्दाम नाही केलं."

"कळलं मला. नियमात लिहिलंय, आजारी माणसाला पोचायला लागणारा वेळ. काल बसमध्ये आजारी कुणी नव्हतंच. चूक माझी." त्यांनी जुना आकडा खोडला, नवा लिहिला आणि कागद त्याच्यापुढे धरला. "ड्रायव्हरची सही लागते."

वारा त्या आकड्याकडे बघत राहिला. बावीस वर्षांत त्याला कुणी हळू म्हटलं नव्हतं.

"कर की सही," मागून अक्का म्हणाली. "नावाला धक्का लागतो होय?"

"लागतो ना," तो म्हणाला. त्याने सही केली आणि तिला उचलायला मागे गेला.