सहीवाली

फोन वाजला तेव्हा रुपीबाई राठोड अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. संगीता गावंडे समोरच्या बाजेवर हजेरी रजिस्टर उघडून बसली होती. रुपीबाईंनी हात पुसले आणि सवयीप्रमाणे स्पीकर लावला.

"नमस्कार, मी पुण्याहून बोलतेय. संगीता गावंडे यांनी आमच्या सदस्यत्वासाठी अर्ज केलाय. कंपनीच्या संचालक म्हणून तुमचं नाव दिलंय त्यांनी. थोडं बोलू का?"

संगीता उठली. फोन गुरुवारी येणार होता, आज मंगळवार होता. हे बोलणं अर्जदारासमोर होऊ नये असा नियम होता. ती चालत कडुनिंबापर्यंत गेली. तिथेही सगळं ऐकू येत होतं.

"बोला न," रुपीबाई म्हणाल्या.

"संगीताताईंचं काम कसं आहे?"

"एक नंबर. अशी पोरगी दिवा घेऊन पायली तरी भेटत नाई."

"बैठकीत त्या संचालकांना विषय नीट समजावून सांगतात का?"

"बैठकीतलं मले मालूम नाई बाई. मी कदी गेलीच नाई. तेच बिचारी घरी येते. नऊ वर्सं झाले, तीन महिन्याले एक वार. पाणी असो का ऊन असो. सही घेते, चहा पेते, जाते. सही बी मले तिनंच शिकवली. पयले मी अंगठा देत होती."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे बैठक होत नाही?"

"कागदावर तर होते न. आमाले तरास देत नाई ते. तिच्यासारखी बाई असली का मीटिंगची गरजच नाई पडत."

पुण्याच्या बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला. रुपीबाईंनी हाक मारली, "ऐकलं का वो? काई कमी तर नाई न सांगतलं?"

"नाई काकू. सगळं सांगतलं."

"सही कोठी करू?"

संगीताने रजिस्टर बंद केलं. "आज राहू द्या."

आर्णीच्या त्या शेतकरी उत्पादक कंपनीत सात संचालक होते आणि एक डाळ मिल होती. कायद्याप्रमाणे दर तीन महिन्यांनी संचालकांची बैठक व्हायला हवी, किमान तिघे तरी हजर हवेत. पहिल्या वर्षी दोन बैठका झाल्या. नंतर कधी कापसाची वेचणी आली, कधी लग्नसराई, आणि अध्यक्ष पुंडलिकराव म्हणाले, "तू लिहून ठेव, सह्या घेऊन ये." संगीताने लिहून ठेवलं. कोण काय म्हणालं, कोणी ठराव मांडला, कोणी अनुमोदन दिलं, सगळं शुद्ध भाषेत. कंपनी सचिवाच्या निम्म्या परीक्षा ती यवतमाळला राहून पास झाली होती. उरलेल्या राहूनच गेल्या. तिच्या पदाचं नाव अनुपालन अधिकारी होतं. गावोगावी तिला सहीवाली म्हणत.

कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं, म्हणजे कंपन्यांचा कारभार नियमाने चालवायचं, काम करणाऱ्यांचं एक देशभराचं सदस्य मंडळ आहे, हे तिला मोबाइलवर कळलं. त्यांचं एक खुलं सत्र तिने ऐकलं होतं. इंदूरच्या कोणा बाईने विचारलं, संचालक भांडायला लागले तर इतिवृत्तात किती लिहायचं? चाळीस जणांनी उत्तरं दिली. संगीताने ती वहीत उतरवून घेतली. तिच्या संचालकांचं कधी भांडण झालं नव्हतं, कारण पहिल्या वर्षानंतर ते कधी समोरासमोर बसलेच नव्हते. पण आपण जे काम करतो त्याला नाव आहे, ते करणारी इतकी माणसं आहेत आणि ती एकमेकांना विचारतात, हे ऐकून तिला त्या दिवशी आनंदाने जेवण गेलं नव्हतं. एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिला आपल्या कामाबद्दल बोलायला कोणी मिळालं नव्हतं.

मंडळाच्या अर्जात दोन संचालकांचे संदर्भ मागितले होते. एक पुंडलिकरावांचा. ते म्हणाले, "तूच लिहून आण, सही करतो." दुसरा रुपीबाईंचा. आपल्याबद्दल मनापासून चांगलं बोलेल असं दुसरं माणूस तिला आठवलं नव्हतं.

नवव्या दिवशी पत्र आलं. 'आपल्या संचालक आपल्याविषयी अतिशय आपुलकीने बोलल्या,' अशी सुरुवात होती. पुढच्या दोन ओळींत अर्ज नाकारला होता. कारण दिलं नव्हतं. संगीताने पत्र दोनदा वाचलं आणि कोरा कागद घेऊन बैठकीची नोटीस लिहिली. खरी, तारीख आणि वेळ घालून. डिसेंबर सरत आला होता. तिमाही संपायला अकरा दिवस होते.

पुंडलिकरावांनी नोटीस पाहिली. "हे कायले? सह्या घेऊन ये न नेहमीसारख्या."

"या वेळी बसून करू, भाऊ."

"कोन येईन बापा? कापूस फुटून राह्यला वावरात."

"तीन जन आले तरी होते."

"अन् नाई आले तं?"

"तं तसं लिहीन."

पुंडलिकरावांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "मंग नोटीस येईन वरून. जबाबदारी तुही."

"हो," ती म्हणाली.

बैठकीच्या दिवशी ती स्कूटी घेऊन रुपीबाईंच्या बंजारा तांड्यावर गेली. त्या तयारच होत्या. ठेवणीतला आरशांचा घागरा नेसून, डोक्यावरून ओढणी घेऊन.

"झालं का तुयं पुण्याचं?"

"झालं, काकू."

"मले मालूमच होतं. मी लय चांगलं सांगतलं."

ऑफिस बाजार समितीच्या मागे, एकाच खोलीचं. संगीताने सकाळीच सात खुर्च्या पुसून मांडल्या होत्या. रुपीबाई दारातच थांबल्या. त्यांचे यजमान हिरासिंग तांड्याचे कारभारी होते. तांड्याची पंचायत, म्हणजे नसाब, बसली की रुपीबाई गोठ्यामागे उभ्या राहून ऐकत. पुरुषांमध्ये बसायची वेळ कधी आली नव्हती.

"कोठी बसू?"

"कोठीबी बसा. तुम्ही संचालक हाये."

त्या दाराजवळच्या खुर्चीवर ताठ बसल्या. अकराची वेळ होती. नियमाप्रमाणे अर्धा तास वाट पाहायची. सव्वाअकराला पुंडलिकरावांचा फोन आला. ते पुसदला लग्नाला होते. "माही सही मंगळवारी घे," म्हणाले. बाकी कोणाचा फोन आला नाही. बाहेर तुरीचं पोतं उतरवल्याचा आवाज झाला तेव्हा रुपीबाईंनी मान वळवली, मग पुन्हा समोर पाहिलं.

साडेअकराला संगीताने रजिस्टर त्यांच्यापुढे धरलं. रुपीबाईंनी सावकाश नाव लिहिलं. उरलेल्या सहा नावांपुढे संगीताने लाल पेनाने 'गैरहजर' लिहिलं. मग इतिवृत्ताची वही उघडली आणि तीन ओळी लिहिल्या. नऊ वर्षांत इतकं कमी तिने कधी लिहिलं नव्हतं.

"चला काकू, सोडते घरी."

रुपीबाई उठल्या नाहीत. "काय लिहिलं ते वाच. आमच्या नसाबीत काय ठरलं ते बोलल्याबिगर कोनी उठत नाई."

संगीता उभी राहिली. वही दोन्ही हातांत धरून तिने वाचलं, "उपस्थित संचालक एक, श्रीमती रुपीबाई हिरासिंग राठोड. गणपूर्ती झाली नाही. सभा तहकूब करण्यात आली."

सहा खुर्च्या रिकाम्या होत्या. रुपीबाईंनी नसाबीतल्यासारखी मान हलवली.

"बरोबर हाये," त्या म्हणाल्या, आणि मग उठल्या.