लाल-पिवळ्या दांड्याचा हातोडा

मी हातोडा. मला बोलायची सवय नाही, ठोकायची आहे. तेव्हा एखादा शब्द जरा जोरात बसला, तर सांभाळून घ्या.

माझा जन्मच मार खाऊन झाला. तापून लालभडक झालेला लोखंडाचा तुकडा यंत्राच्या जबड्यात धरला आणि वरून एक अवाढव्य ठोकळा दणादण आदळू लागला. मला आकार आला तो असा. मग तेलात बुडवून माझं तोंड कडक केलं, पोटात लाकडी दांडा ठोकला आणि दुकानात मांडून ठेवलं. तिथून मला उचललं ते एका मिस्त्रीनं. त्यानं मला हवेत फिरवून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, हा हातात बसतो. माझी एवढीच काय ती स्तुती आयुष्यात झाली.

मिस्त्रीचं ट्रक दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. पत्र्याची लांबलचक शेड, तेल पिऊन काळी झालेली जमीन, भिंतीवर हत्यारं टांगायच्या फळ्या. ट्रकच्या स्प्रिंगचे तुटलेले पाटे काढायचे, गंजून अडकलेल्या पिना ठोकून बाहेर घालवायच्या, अपघातात वाकलेली चौकट सरळ करायची, हे माझं काम. मारायचो मीच, पण त्या मारानं मोडलेली वस्तू दुरुस्त व्हायची. काम झालं की मिस्त्री मला फडक्यानं पुसून खुंटीला लावायचा.

त्याला दोन मुलगे. थोरल्याला सगळे दादा म्हणत. अंगानं दांडगा आणि राग कायम नाकावर. धाकटा किडकिडीत, पण जीभ अशी, की समोरच्याचा हात आपोआप उठावा. मिस्त्री एक दिवस अचानक गेला आणि मागे कसलीच वाटणी ठेवली नाही. शेड एक, हत्यारं तीच, मालक दोन. उजव्या बाजूचे ट्रक दादाचे आणि डाव्या बाजूचे धाकट्याचे, एवढं कसंबसं ठरलं. हत्यारांचं काहीच ठरलं नाही.

मग रोज सकाळी शेडचं दार उघडलं की पहिला प्रश्न यायचा, माझा पाना कुठंय. पाने ट्रकखाली राहायचे, छिन्न्या कचऱ्यात जायच्या, पक्कड विसरून कुणाच्या तरी खिशातून घरी पोचायची आणि चोर ठरायचा तो भाऊ. एका दुपारी धाकट्यानं असाच काहीतरी टोमणा मारला. दादानं हातातला पाना फेकला, तो थेट कपाळावर. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं. धाकट्यानं आंधळ्यासारखी पहार उचलली आणि दादाच्या नडगीवर घातली. मग दोघे एकमेकांना धरून तेलातच लोळले. कोण कुणाचा कान चावतोय तेही कळत नव्हतं. शेजारचा टायरवाला आपली माणसं घेऊन धावला, म्हणून त्या दिवशी निभावलं.

दादाच्या बायकोनं, वहिनीनं, दिराचं कपाळ बांधलं आणि नवऱ्याची नडगी शेकली. दुसऱ्या दिवशी ती रंगाचे दोन डबे घेऊन शेडमध्ये आली. ट्रकच्या फाळक्यांना लावून उरलेला लाल आणि पिवळा.

"लाल तुमचं, पिवळं भाऊजींचं," ती नवऱ्याला म्हणाली. "लांबून दिसेल. आता एकमेकांचे खिसे तपासू नका."

तिनं पाने, पकडी, छिन्न्या, जॅक सगळं जोडीजोडीनं वाटलं आणि रंगवलं. फळीवर जिथं जे टांगायचं, तिथंही त्याच रंगाचा पट्टा ओढला. संध्याकाळी एखादा पट्टा उघडा दिसला, की कुठलं हत्यार परत आलेलं नाही ते दारातूनच कळायचं. अडचण झाली ती माझी. मी वडिलांच्या हातातला. मला सोडायला दोघेही तयार होईनात. मग वहिनीनं माझा अर्धा दांडा लाल केला, अर्धा पिवळा. मी अगदी सर्कशीतल्या विदूषकासारखा दिसत होतो, पण लांबून दिसायचो हे खरं.

काही दिवस फार बरे गेले. हत्यार हरवलं की शिव्या न घालता आधी फळीकडे बघायची सवय लागली. टायरवाल्यानंही आपल्या सामानाला निळा रंग फासून घेतला.

पण हत्यारांना रंग आले आणि शेडीत दोन पक्ष झाले. पूर्वी एखादा पाना इकडचा तिकडे गेला तर तो हरवला म्हणत. आता लाल पाना पिवळ्या बाजूला दिसला, की तो शत्रूनं पळवलेला असायचा. जमिनीवर मधोमध रेघ ओढली गेली, पाण्याच्या माठाला रंग लागला. शेडीतल्या मांजराच्या शेपटीला दादानं लाल फासला, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या पाठीवर पिवळा. ते बिचारं दोन्हीकडचं दूध पिऊन टायरवाल्याकडे झोपायला जायचं.

एकदा दादा जेवायला गेला असताना धाकट्यानं त्याच्या दोन लाल पकडी पिवळ्या करून टाकल्या. दादा परत आला तेव्हा रंग ओला होता. त्यानं भावाचा हात मनगटाला धरला, बोटं टेबलावरच्या लोखंड धरायच्या शिकंज्यात घातली आणि मूठ फिरवली. धाकटा ओरडला नाही, उलट हसून म्हणाला, अजून पिळ, रंग निघतोय का बघ. दादानं अजून पिळलं. नखं फुटली. धाकट्याच्या बायकोनं हातातलं काम टाकून दादाला ढकललं आणि शिकंजा उघडला. ती माहेरीच गॅसनं लोखंड कापायला शिकलेली, कमी बोलणारी बाई. सगळे तिला नुसतं धाकटी म्हणत. नवऱ्याचा हात पाण्यात धरून ती दादाला इतकंच म्हणाली, की पुन्हा यांच्या अंगाला हात लावाल तर मी बघत राहणार नाही.

तिनं शब्द पाळला, तो दिवस आता सांगतो.

मालानं भरलेला एक ट्रक डाव्या बाजूला उभा होता. जॅकनं पुढचा भाग उचलला, की खाली घोडी टेकवतात. घोडी म्हणजे तीन पायांचा लोखंडी आधार. ट्रकचा सगळा भार तिच्यावर आणि तिच्या भरवशावर माणूस खाली शिरतो. धाकट्याच्या पिवळ्या घोड्या दुसऱ्या गाडीखाली अडकल्या होत्या. दादा जेवायला गेला होता. धाकट्यानं लाल घोडी ओढली, लावली, जॅक सैल सोडला आणि तो पाठीवर झोपून खाली सरकला.

दादा परत आला आणि त्याला लांबूनच दिसली. पिवळ्या बाजूला, पिवळ्याच्या ट्रकखाली, लाल घोडी. वहिनीनं रंग लावला होता तो लांबून दिसावा म्हणूनच.

"माझी घोडी काढ," तो वाकून म्हणाला.

खालून उत्तर आलं, काम झाल्यावर काढतो.

"आत्ता काढ."

"का? सासऱ्यानं हुंड्यात दिली होती का?"

दादानं मला खुंटीवरून ओढलं. भार अजून जॅकवरच आहे, घोडी नुसती टेकली आहे, असं त्याला वाटलं म्हणतात. त्यानं घोडीच्या पायावर पहिला घाव घातला. मोकळं लोखंड वाजतं तेव्हा खणखणतं. भाराखाली दबलेलं लोखंड बद्द वाजतं. मला त्या एका घावात कळलं, की सगळा ट्रक तिच्यावर आहे. दादाचं आयुष्य याच आवाजात गेलेलं. त्यालाही कळायला हवं होतं. कळलंही असेल. त्यानं दुसरा घाव घातला.

घोडी निसटली. जॅक क्षणभर उभा राहिला, कलला आणि तिरपा उडाला. ट्रकचा पुढचा भाग खाली बसला. आधी काहीतरी मोडल्याचा आवाज आला, मग धाकट्याचा. पुढच्या चाकांचा आस त्याच्या पायावर, गुडघ्याच्या खाली बसला होता आणि पायाचा उरलेला भाग भलत्याच दिशेला वळला होता. तेल प्यालेल्या जमिनीत रक्त मुरत नाही, वरून पसरत जातं. दादा लाल घोडीकडे बघत उभा राहिला. मी त्याच्या हातून गळून पडलो.

मला उचललं ते धाकटीनं. तिनं डोळ्यांवरचा गॅसकामाचा काळा चष्माही काढला नव्हता. पहिला घाव दादाच्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडलं, ते मी माझ्या तोंडाखाली अनुभवलं. वाळलेली फांदी मोडावी तसं. दादा गुडघ्यांवर आला. त्यानं हात वर केला नाही की मान वळवली नाही. दुसऱ्या घावासाठी धाकटीनं मला पुरतं डोक्यावर नेलं, तेव्हा वहिनी मध्ये आली आणि तिनं माझा दांडा वरच्या वर धरला.

"आधी भाऊजींना काढू," वहिनी म्हणाली. "मग घाल यांच्या डोक्यात. मी अडवणार नाही."

मग धाकटीनं मला खाली घेतलं.

एका जॅकनं तो ट्रक उचलणं शक्य नव्हतं. वहिनीनं लाल जॅक एका बाजूला लावला, आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या टायरवाल्यानं पिवळा दुसऱ्या बाजूला. दोन्ही थोडे थोडे वर घ्यायचे आणि मिळालेल्या फटीत लाकडी ठोकळा सारायचा. ठोकळे ठोकायला मी होतो, आणि मला धरलं होतं धाकटीनं. तिचे हात रक्तानं निसरडे झाले होते. तरी एकही घाव चुकला नाही. नवरा ओरडायचा थांबला तेव्हा ती त्याला शिव्या द्यायला लागली, झोपू नकोस म्हणून. अशा शिव्या मी ट्रकवाल्यांच्या तोंडूनही ऐकल्या नव्हत्या. शेवटी टायरवाल्याच्या माणसांनी त्याला बाहेर ओढलं.

डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला.

पोलीस शेडमध्ये आले, दवाखान्यातही गेले. धाकट्यानं सांगितलं, घोडी सरकली. दादाच्या खांद्याचं काय, तर ट्रकचा फाळका पडला. लोकांना वाटलं, शेवटी रक्ताचं नातं. दादालाही तसंच वाटलं असावं. धाकटा कुबड्या घेऊन पहिल्यांदा शेडमध्ये आला, तेव्हा दादा त्याच्या पायाशी वाकला. धाकट्यानं कुबडी त्याच्या पाठीत घातली. मोडलेल्या खांद्याच्याच बाजूला, जीव खाऊन.

"मी तुला वाचवलं असं समजू नकोस," तो म्हणाला. "तू तुरुंगात आयतं खात बसणार, आणि माझी कामं कोण करणार? तू इथं राहायचंस. माझ्या डोळ्यांसमोर."

दादा उठला आणि कामाला लागला. तेव्हापासून तो भावाच्या हाताखाली आहे.

दोन्ही जावांनी मिळून सगळे रंग खरवडले. माझा दांडाही काचेनं तासून कोरा केला. वहिनी म्हणत होती, रंगाचं नावच नको. धाकटी म्हणाली, रंग हवाच, पण माणसांचा नको. मग तिनं तो आपल्या हातानं दिला. जे भार उचलतं ते सगळं नारिंगी: घोड्या, जॅक, लाकडी ठोकळे. खाली माणूस असेपर्यंत नारिंगीला कुणी शिवायचं नाही. बाकी सगळी हत्यारं हिरवी, मग ती कुणाच्याही हातात असोत. आता शेडमध्ये तुझं-माझं करायला दोन धड माणसंच नव्हती. दादाचा हात खांद्याच्या वर जात नाही आणि धाकट्याला एका पायावर घाव घालता येत नाही. म्हणून मला चालवायच्या त्या दोघी जावाच. सांगतो, दोघींचा हात मिस्त्रीच्या तोडीचा होता.

"होता" म्हणालो, कारण माझं आता संपलं. परवा एक पिन काढताना माझ्या तोंडाचा टवका उडाला आणि वहिनीच्या कानाजवळून गेला. तिनं मला उजेडात धरलं. तोंडापासून डोळ्यापर्यंत, म्हणजे दांडा बसतो त्या भोकापर्यंत, चीर गेली आहे. तिनं माझ्यावर पांढऱ्या रंगाची फुली मारली आणि मला दाराशी, भंगाराच्या ढिगावर ठेवलं. पांढरं म्हणजे हात लावायचा नाही. कुणी कनवाळू माणूस मला उचलून घासूनपुसून पुन्हा वापरायला निघालाच, तर त्याला एवढंच सांगणं आहे: नको. मी डोळा घेईन कुणाचा तरी. मला भट्टीत जाऊ द्या.

भंगाराची गाडी येईपर्यंत इथून शेड दिसते. धाकट्याला खोटा पाय बसवला आहे आणि तो पुन्हा ट्रकखाली शिरतो. पहिल्या दिवशी तो अर्ध्यावर थांबला होता, घामानं भिजून. मग त्यानं दादाला बोलावलं आणि नारिंगी घोडीपाशी जमिनीवर बसवलं. हात ठेव हिच्यावर, म्हणाला, मी बाहेर येईपर्यंत उचलायचा नाही. तेव्हापासून रोज हेच. गिऱ्हाइकं येतात, काहीबाही विचारतात. दादा बसल्या जागेवरून उत्तरं देतो. नाकावर माशी बसली तर दुसऱ्या हातानं हाकलतो, आणि तो हात दुखरा आहे.

आताही तो बसला आहे. ट्रकखालून धाकट्याचा आवाज येतो.

"आहेस ना?"

"आहे," दादा म्हणतो.