कागदावर बारा

मी जाडी मोजणारा गेज. तारापूरच्या कारखान्यांत माझ्यासारखे पुष्कळ आहेत, पण व्हिएतनाम बघून आलेला बहुधा मी एकटाच. तळहाताएवढं पिवळं अंग, वर आकड्यांची काच आणि वायरीच्या टोकाला रुपयाएवढं गोल बटण. ते बटण पोलादाला टेकवलं की मी आत एक बारीक आवाज सोडतो. तो पलीकडच्या कडेला आपटून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून मी पोलादाची जाडी सांगतो. फक्त मध्ये हवा राहता कामा नये. त्यासाठी आधी चिकट जेलचा एक थेंब लावावा लागतो. तो नसला की मी मुका.

माझा जन्म कुठे झाला ते पाठीवरच्या चिकटपट्टीवर छापलं होतं. ती कधीच घासून गेली. दीपा तामोरेच्या हाती येण्याआधी मी दोन साहेबांकडे होतो. त्यातले एक तर मला पिशवीतून न काढताच आकडे लिहायचे. माणसांवर माझा फारसा विश्वास नाही, तो तेव्हापासून.

दीपा समुद्रकाठच्या मुरबे गावची. बाप होडीवर, आई रखमाबाई मासळी सुकवून विकणारी. दीपा शिकली आणि बोईसरच्या एका रसायन कंपनीत मालाची तपासणी करू लागली. तिचा स्वभाव माझ्यासारखाच, डोळ्यांनी दिसलं तरी हाताने चाचपून बघणारा.

गेल्या वर्षी कंपनीने व्हिएतनाममधल्या एका कारखान्याला नवं व्हेसल बनवायला दिलं. व्हेसल म्हणजे रसायन शिजवायचं, माणसाच्या तिप्पट उंचीचं बंद भांडं. आत दाब असतो, म्हणून भिंत बारा मिलिमीटर हवी, असं नकाशावर लिहिलेलं. ते तपासून सही करायला खरेदी खात्याच्या ललित सरांनी दीपाला पाठवलं. परदेशाची तिची पहिलीच खेप. सरांनी एवढी मेहेरबानी का केली, हा प्रश्न तिला विमानात बसेपर्यंत छळत होता.

हायफाँग नावाच्या बंदराच्या गावी लिन नावाची दुभाषी मुलगी न्यायला आली. तिने हसत दीपाची बॅग ओढत गाडीपर्यंत नेली. हॉटेलात बॅग उघडली, तर जेलची बाटली गायब.

दीपाने सगळे कपडे झटकले. बाटली नव्हती. मग ती पलंगावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. बॅगेला हात फक्त लिनचा लागला होता. व्हेसल मोजू द्यायचं नसेल तर मला मुका करण्यासारखा दुसरा उपाय नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्या दिवसापासून तिने मला खांद्यावरच्या पिशवीतून खाली ठेवलं नाही. जेवतानासुद्धा मांडीवर.

सकाळी तिने लिनला थेट विचारलं, बाटली तू घेतलीस का? लिनचा चेहरा लाल झाला. खाली जाऊन तिने गाडीच्या सीटखाली, डिकीत, सगळीकडे शोधलं आणि रिकामे हात दाखवले. मग म्हणाली, आज कारखान्यात रंगकाम आहे, चला, गाव दाखवते.

दुसऱ्या दिवशी म्हणे कारखान्यातले तपासणीचे साहेब नव्हते. पुन्हा गावदर्शन.

दीपाला ही रीत ठाऊक होती. आमच्याकडेही तपासणीला कोणी आलं की आधी केळव्याचा समुद्र, मग शहाळं, मग कोंबडीचं जेवण, आणि मग सही. त्यामुळे तिला दाखवलेली एकही गोष्ट तिने सरळ डोळ्यांनी बघितली नाही.

तरी पिशवीच्या अर्ध्या उघड्या चेनमधून मी पुष्कळ बघितलं. तळ्याकाठी पहाटे म्हाताऱ्या बायका गाणं लावून रांगेत नाचत होत्या, आणि कुणी थांबून बघत नव्हतं. फुटपाथवर लहान मुलांच्या वाटाव्यात अशा बुटक्या स्टुलांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समोर पत्र्याच्या गाळणीतून कॉफी थेंब थेंब पडत होती, आणि पेला भरेपर्यंत कुणाला घाई नव्हती. एका स्कूटरवर चक्क कपाट चाललं होतं. देवळात देवापुढे फळांशेजारी बिस्किटांचे पुडे रचले होते. ते बघून दीपा पहिल्यांदा हसली. लिनने तिचा फोटो काढायला मोबाइल उचलला, तर हिने तोंड फिरवलं. फोटो कुठे जाईल, काय सांगावं.

तिसऱ्या दिवशी लिनने समुद्रावर नेलं. किनाऱ्यावर जाळ्या अंथरल्या होत्या आणि शंकूसारख्या टोप्या घातलेल्या बायका उकिडव्या बसून मासळी उलटत होत्या. वास आला आणि दीपा जागीच थांबली. एका म्हातारीने तिच्याकडे बघून काहीतरी म्हटलं. दीपाला कळलं नाही, पण ती खाली बसली आणि तिच्याबरोबर मासळी उलटू लागली. तिचे हात बघून म्हातारीने लिनला विचारलं, ही कोणत्या गावची?

दीपाने मुरब्याला व्हिडिओ कॉल लावला. रखमाबाईंनी आधी मासळी निरखली.

"आमच्यासारखीच हाय. वाळू लागतेय पण तिला. जाळी उंच बांदायला सांग," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "बोंबलाची चटणी खाल्लीस का?"

"कसली चटणी, आय?"

"बॅगेत तळाशी तुझ्या कामाच्या बुटात बरणी हाय. जागा नव्हती, म्हणून ती चिकट बाटली काडून ठेवली मी. कसलं केसाचं असेल, तिकडे मिळत नाय का?"

दीपाने फोन ठेवला. मग लिनजवळ गेली आणि म्हणाली, "बाटली माझ्या आईने घरीच काढून ठेवली होती. मी तुला चोर ठरवलं. चूक माझी आहे."

लिनने वाळूवरून नजर उचलली.

"तुमचं भांडं आठ दिवसांपूर्वीच तयार झालंय," ती म्हणाली. "रंगकाम वगैरे काही नव्हतं. तुम्हाला शेवटच्या दिवसापर्यंत फिरवायचं, असं आम्हाला कळवलं होतं."

"कुणी?"

"तुमच्याच साहेबांनी."

त्याच दुपारी आम्ही कारखान्यात गेलो. व्हेसल शेडच्या मध्यावर चकचकीत उभं होतं. जेल नव्हतं. पण हवा घालवायला तेलही चालेल, हे तिला आता सुचलं. दीपाने पर्समधून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, बोटाने पोलादावर तेल लावलं आणि माझं बटण टेकवलं.

मी आवाज सोडला. तो जरा लवकरच परत आला.

दहा पूर्णांक एक.

तिने दुसरी जागा घेतली. दहा. वर शिडी लावून घेतली. दहा पूर्णांक एक. दीपाने मला पुसलं, जाडी आधीच ठाऊक असलेल्या पोलादी पट्टीवर तपासलं आणि पुन्हा मोजलं. तिला माझा संशय आला, याचं मला वाईट वाटलं नाही. मीही तिच्या जागी तेच केलं असतं.

तिने आकडे दाखवले तेव्हा तिथले म्हातारे फोरमन आत गेले आणि दोन कागद घेऊन आले. एक दीपाकडे होता तोच बाराचा नकाशा. दुसरा नंतर आलेला, दहाचा. त्याला जोडलेलं पत्र होतं. फोरमननी लिहून विचारलं होतं, दहा नक्की का? खाली ललित सरांचं उत्तर होतं: नक्की. तपासणी अधिकाऱ्यांना नव्या नकाशाबद्दल सांगण्याची गरज नाही. कंपनी मात्र पैसे बाराचेच मोजणार होती.

दीपाने सरांना फोन लावला. त्यांनी आवाज चढवला नाही. दहावर कुठे काय बिघडतं, म्हणाले. असली किती तरी भांडी चालतात, म्हणाले. शेवटी म्हणाले, "दर्पणला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे, दीपा मॅडम. सही करा आणि या."

दर्पण तिचा धाकटा भाऊ. त्याच कंपनीत पाच वर्षं कंत्राटावर होता.

"सर," दीपा म्हणाली, "दर्पण ज्या शेडमध्ये उभा राहतो, तिथेच हे भांडं बसणार आहे."

तिने सही केली नाही. अहवालात दहा लिहिलं, फोरमनची पत्रं जोडली आणि ते सगळं तिथूनच मालकांना पाठवलं.

परत आल्यावर हारतुरे झाले नाहीत. ललित सर महिन्याभराने दुसरीकडे गेले. त्यांना निरोपाला केक कापला, आणि का गेले ते कुणी बोललं नाही. दर्पणचं कंत्राट मात्र पुढे सरकलं नाही. आता तो काकांच्या होडीवर जातो. दोन महिने तो बहिणीशी बोलला नाही. रखमाबाई मध्ये पडल्या तेव्हा म्हणाला, "तिला दोन मिलिमीटर दिसले, मी नाय दिसलो." त्या दिवशी दीपा जेवली नाही.

लिनचे फोटो येतात अधूनमधून. एकात ती किनाऱ्यावरची म्हातारी आहे, जाळी उंच बांधलेली.

दहाचं भांडं नाकारलं गेलं. पुन्हा बनवलेलं व्हेसल गेल्या आठवड्यात बोईसरला येऊन आवारात उभं राहिलं. आता मी म्हातारा झालोय. माझ्या बॅटरीचं झाकण रबराने बांधलेलं आहे, काचेतला एक आकडा अर्धाच उमटतो. लवकरच मला भंगारात काढतील. जाण्याआधी एवढंच सांगतो. माझा आकडा आवडला नाही तर माझ्यावर जरूर संशय घ्या, दुसरा गेज आणून ताडून बघा. पण आधीच ठरवून ठेवलेल्या आकड्याला मला साक्षीदार करू नका.

दीपाने चाळीस जागी मोजलं. चाळीसही जागी बारा. ती शिडीवरून उतरली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. दर्पण असायचा त्या शेडवर नवा लागलेला एक कामगार आला. दीपाने त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यालाही ती कोण ते ठाऊक नव्हतं. सावली बघून तो व्हेसलला पाठ टेकून खाली बसला आणि त्याने डबा उघडला.