मिश्री लावता का?

त्या सकाळी वच्छलेचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरोघर तंबाखूची पाहणी करायला नेमलेल्या तिला नि इतर बायकांना दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "लोकांना तंबाखूचं विचारायला जाताय, निदान आपली तोंडं तरी स्वच्छ ठेवा." लहानपणी वैराग गावी दाढ दुखली म्हणून आईनं तंबाखू भाजून केलेली मिश्री लावून दिली, तेव्हापासून तिची सकाळ मिश्रीशिवाय उजाडली नव्हती. आज डबी घरीच राहिली. डोकं भणभणत होतं, जीभ सारखी हिरड्यांवरून फिरत होती.

गिरणीच्या चाळीत काम सोपं गेलं. पुरुष विडी ओढत नाहीतर तंबाखू मळत बसलेले, बायका तोंडात बोट घालूनच दार उघडायच्या. "लावतो की! त्याबिगर पोट साफ हुतंय व्हय?" विणकरांच्या वस्तीत विड्या वळणाऱ्या बायकांना तर प्रश्न ऐकूनच हसू फुटलं. बाळीवेशीकडं व्यापाऱ्यांची घरं लागली तशी उत्तरं बदलली. पुरुषांची सिगारेट बैठकीत उघड, बायकांचं मात्र एकच, "आमच्यात चालत नाही."

चादरींचे व्यापारी बसलिंगप्पा यांच्या घरी त्यांची आई मल्लव्वा झोपाळ्यावर होती. "बा, कुंद्रू," असं कानडीत बसायला सांगत तिनं पाट दाखवला आणि विचारायच्या आतच सांगून टाकलं, "आमच्या घरात बायका असलं काय करत न्हाईत." सून चन्नम्मा पाणी घेऊन आली. तिच्या पदराला जळक्या तंबाखूचा वास होता. वच्छलेच्या तोंडाला पाणी सुटलं. ती घाईनं उठली.

जिन्याखाली चन्नम्मानं तिला गाठलं. "बाई, गालात आतनं पांढरं झालंय. दिवाळीपासनं तिखट सोसत न्हाई."

"दाखवा."

डॉक्टरांनी चित्रात दाखवलेला चट्टा असाच होता.

"उद्याच दवाखान्यात चला."

"सासूबाईंना काय सांगू? ह्यांना कळलं तर माहेरी धाडतील."

वच्छला थांबली नाही. ती तशीच परत वर गेली. चन्नम्मा मागून पदर ओढतेय याचंही भान नव्हतं.

"आजी, मी मिश्री लावते. उद्या तोंड दाखवायला दवाखान्यात जातेय. एकटीला भ्या वाटतंय, सूनबाईंना सोबत धाडा."

झोपाळा थांबला. "तू लावतीस, आन् आमाला विचारत फिरतीस?"

"व्हय."

मल्लव्वानं सुनेकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "तोंड बघताना दुखतंय काय?"

"न्हाय."

"मग मीबी येते."

दुसऱ्या दिवशी तिघी टांग्यानं गेल्या. चन्नम्माचा चट्टा साधा निघाला. मिश्री सोडली तर जाईल, डॉक्टर म्हणाले. मल्लव्वाच्या जिभेखाली मात्र गाठ होती.

बातमी कळताच बसलिंगप्पा धावत आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात एकीवर एक सिगारेट पेटवत येरझाऱ्या घालू लागले. "आमच्या घरात तंबाखू कुठून आली?" ते वच्छलेवरच खेकसले.

"शेठजी, तुमीबी एकदा तोंड दाखवून घ्या."

"मी? मी सिगारेट ओढतो, तंबाखू नव्हे!"

वच्छला आत मल्लव्वाजवळ जाऊन बसली. व्हरांड्यात थांबली असती तर वाईट बोलली असती.

मल्लव्वाची गाठ कापली. बोलणं बोबडं झालं, पण म्हातारी जगली, आणि झोपाळ्यावरून सुनेला पूर्वीसारखीच हाका मारू लागली. चन्नम्मानं मिश्री सोडली. वच्छलेची सुटायला वर्ष गेलं. मधे दोनदा परत लागली. बसलिंगप्पांनी तोंड दाखवलं नाही ते नाहीच.