मोटारखान्याचं दार कोण उघडणार

माझी फोर्ड पायानं बटण दाबलं की सुरू व्हायची, पण तिच्या खोलीचं दार उघडायला दोन गड्यांचं बळ लागायचं. यात काही अक्कल आहे का, असं मी त्या दाराला रोज विचारत असे. खरं म्हणजे ते मोटारीसाठी केलेलंच नव्हतं. पुण्याच्या वाटेवर, सोलापूरच्या नाक्याबाहेर मी घर घेतलं तेव्हा अंगणात हातमागांची एक जुनी पडवी होती. तिच्या तोंडाला सागवानी फळ्यांचं एकच रुंद दार, आणि बिजागऱ्या वरच्या तुळईला. खालून धरून उचलायचं आणि बांबूचा टेकू द्यायचा.

कित्येक वर्षं मी ते एकटीनं उचललं. मी डॉक्टरीण, त्यातून विधवा, त्यातून स्वभावानं तिखट. मदत मागणं मला कधी जमलं नाही. सकाळी शहरातला दवाखाना आणि दुपारनंतर पार मोहोळपर्यंतच्या खेड्यांतली बाळंतपणं, असा माझा दिवस. मग एकदा टेकू सरकला आणि दार माझ्या उजव्या खांद्यावर आलं. हाड सांधलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. मोटार चालवता येत होती, बाळंतपणाचा चिमटा धरता येत होता. दार तेवढं उचलता येत नव्हतं; त्याला आळीतलं कुणीतरी लागे.

संक्रांतीला सिद्धरामाची गड्ड्याची जत्रा भरते, तेव्हा त्याची किंमत कळली. सगळी आळी नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गेलेली, आणि मोहोळकडच्या एका वस्तीवरचा माणूस धापा टाकत दारात आला. त्याची बायको पहाटेपासून अडली होती. धावत आल्यानं त्याच्या हातांत जोर उरला नव्हता. आम्ही दोघं त्या दाराशी झटत राहिलो आणि तिकडे वेळ जात राहिला. बाळ-बाळंतीण दोघंही वाचली, पण थोडक्यात.

ही हकिगत माझ्या भावाला, दादाला कळली तेव्हा तो अकलूजहून आला. मोटार विक आणि माझ्याकडे राहायला चल, खूप केलंस, असं त्याचं म्हणणं. तो मायेनं बोलत होता, म्हणून मला रागावताही येईना. एरवी मला राग यायला काहीही पुरतं. शेवटी मी त्याला म्हटलं, गुढीपाडव्यापर्यंत हे दार माझ्या एका हातानं उघडलं तर मी इथंच राहीन, नाहीतर निमूट तुझ्याबरोबर येईन. दादानं दाराकडे एकदा पाहिलं आणि लगेच कबूल केलं.

मग सुरू झाला शोध. मुंबईच्या एका कंपनीचा एजंट जाडजूड पुस्तक घेऊन आला. त्यात गुंडाळून वर जाणारं लोखंडी दार होतं आणि छत्री घेतलेली एक मड्डम ते दोन बोटांनी उघडत होती. तुम्ही स्वतः असं दार कधी उघडलंय का, असं मी विचारलं. त्यानंही चित्रच पाहिलं होतं. शिवाय त्याची साखळी डोक्यावरून ओढायची, म्हणजे माझ्या खांद्याला तिथंच रामराम. दोन फळ्यांचं दार करावं, तर बाहेर उघडलं की समोरच्या धुळाप्पा धनगराच्या मेंढवाड्याच्या भिंतीला अडणार आणि आत उघडलं की मोटारीला. गडी ठेवून पाहिला. ज्ञानू अंगानं दणकट आणि प्रामाणिक होता, पण जिल्ह्यातल्या एकाही देवाची जत्रा तो चुकवत नसे, आणि पोरांना काही जत्रा बघून जन्माला येता येत नाही.

शेवटी मी ठरवलं, कप्पी आणि वजन. गिरणीच्या गोदामाला तसं दार मी पाहिलं होतं. दाराच्या खालच्या कडेला दोर, तो वर कप्पीवरून घेऊन दुसऱ्या टोकाला दाराच्या भारोभार वजन. वजन खाली आलं की दार आपोआप वर जातं. सिद्धनाथ सुतारानं तुळई दाराच्या पुढं काढून तिला कप्प्या बसवल्या. वजन म्हणून धुळाप्पाच्या वाड्यातला एक काळा गोल धोंडा आणून बाहेरच्या बाजूला टांगला. दार मी डाव्या हातानं नुसतं ढकललं आणि ते वर गेलं. मला इतका आनंद झाला की मी धुळाप्पाच्या बायकोला, बनाबाईला हाक मारून ते दाखवलं.

तिथं चुकलं. बनाबाईची सगळी लेकरं माझ्या हातावर झालेली. तिनं आधी नव्या कामाचं म्हणून धोंड्याला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी शेंदूर फासला, तिसऱ्या दिवशी फुलं आली. रविवारी बाहेर येऊन बघते, तर दोर मोकळा लोंबतोय आणि धोंडा लिंबाखाली घडी घातलेल्या घोंगडीवर बसलाय, पुढं नारळ.

"देवाला दोरीला टांगून खाली-वर करायचं व्हय?" बनाबाई म्हणाली.

बुधवारपर्यंत तो दगड होता, हे मी तिला चांगल्या चढ्या आवाजात सांगितलं.

"समदेच देव कवातरी दगड असत्यात की," ती म्हणाली.

पाडवा तोंडावर आला होता. मी चिडून जाहीर केलं की आता रेतीची गोणी टांगणार. बघू तिच्या पाया कोण पडतं ते. धुळाप्पानं शेळीच्या केसांची भक्कम गोणी दिली. ओढ्याची गाडीभर रेती अंगणात येऊन पडली, आणि मी दवाखान्यात गेले.

परत आले तर अंगणात बायाच बाया. लिंबाच्या फांदीला धुळाप्पाचा लोकर तोलायचा मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात कुणाचं तरी लेकरू, दुसऱ्यात रेती. काटा सरळ झाला की ती रेती गोणीत जायची आणि पुढचं लेकरू पारड्यात बसायचं. हा काय बाजार मांडलाय, असं मी विचारलं. मग बसव्वा पुढं झाली. ही अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, एरवी माझ्यापुढं तोंडसुद्धा न उघडणारी. तिच्या बाळंतपणात आई आणि बाळ यांपैकी एकच हाती लागेल असं मला वाटलं होतं, आणि दोघं लागली होती.

"शिद्धरामाला नवस बोललो होतो," ती म्हणाली, "पोराच्या भारोभार गूळ दिला. तुमाला काय दिलं? खण न्हाय, नारळ न्हाय. तुमी दारातनंच परत लावता. गूळ घेत न्हाय, तर रेती तरी घ्या की."

ते खरं होतं. गरिबाच्या घरचा खण-नारळ घ्यायचा नाही, असा माझा नियम होता, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. तो नियम त्या बायांनी रेतीत घातला. माझं तोंड त्यांना दिसू नये म्हणून मी कप्पीकडे बघत उभी राहिले.

पाडव्याला सकाळीच दादा आला. गोणी टांगली होती. मी दाराची कडी काढली मात्र, दार धाडकन वर जाऊन तुळईवर आदळलं आणि मेंढवाड्यात एकच कालवा झाला. गोणी भलतीच जड झाली होती. माझं लेकरू कमी वजनाचं कसं भरेल, म्हणून प्रत्येक आईनं पारडं हळूच बोटानं दाबलं होतं! सिद्धनाथ म्हणाला, थोडी रेती काढू. त्यानं गोणीचं तोंड सोडायला हात घातला तर बाया गोणीभोवती उभ्या राहिल्या. काढायची, पण कुणाच्या लेकराची? बसव्वानं तर गोणीला मिठीच मारली. रेती कुणाची कुठली हे आता कोण ओळखणार, असं मी सांगून पाहिलं. कुणी ऐकेना, आणि खरं सांगायचं तर मलाही ती काढवेना.

तेव्हा दादानं कोट काढून लिंबाला अडकवला. सिद्धनाथाला म्हणाला, "रेती राहू द्या. दार जड करा."

मला न्यायला आलेला माझा भाऊ त्या दारावर स्वतःच्या हातानं फळ्या ठोकत होता. एक, मग आणखी एक, मग खाली आडवी पट्टी. दार आणि गोणी भारोभार झाली तेव्हा त्यानं मला हाक मारली. मी दुखरा उजवा हात कमरेइतका उचलला, दाराला लावला, आणि दार संथपणे वर गेलं. गोणी सावकाश खाली आली. दादा हसला आणि पाडव्याच्या जेवणाला किती माणसं आहेत, एवढंच विचारता झाला. अकलूजचं नाव पुन्हा निघालं नाही.

इतक्यात बनाबाई कुंकवाची डबी घेऊन आली. गोणीला कुंकू लावशील तर याद राख, असं मी तिला दरडावलं.

"गोणीला कोण लावतंय?" ती म्हणाली आणि तिनं माझा उजवा हात धरला. मी मागं घेतला. मी विधवा आहे, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

"कपाळाला कुटं लावते? हाताला लावते. दसऱ्याला अवजाराला लावत्यात तसं. आमची समदी ह्येच्यावरच झाली की."

मग मी हात पुढं केला. तिनं लावलं, बसव्वानं लावलं, मग एकेक करून सगळ्यांनीच लावलं. मला देण्यासारखं यांच्यापाशी काही नाही असं मी इतकी वर्षं समजत होते. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी जन्मभर विसरणार नाही.

जेवण उरकतंय तोच मोहोळकडून बोलावणं आलं. मी दार उघडलं, एकटीनं, आणि फोर्ड बाहेर काढली. माझ्या हाताचं कुंकू स्टिअरिंगला लागलं. ते मी पुसलं नाही.