हललेली लव्हिना

मित्रांनो, माझ्यावर बारा बायका उभ्या आहेत आणि त्यांतल्या एकीच्या छातीतून मागच्या दाराची कडी दिसते. मी एक जुने पोस्टकार्ड आहे.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये, संसार सोडून राहणाऱ्या शेकर या ख्रिस्ती पंथाच्या आमच्या वस्तीत एका दुपारी फोटोवाला आला. सगळ्या सिस्टर पांढऱ्या टोप्या घालून दारापुढे उभ्या राहिल्या. "पापणीसुद्धा हलवू नका," तो ओरडला. अकरा जणी दगडासारख्या उभ्या राहिल्या. लव्हिना मात्र कॅमेऱ्याचे झाकण उघडे असतानाच रांगेतून निघून गेली.

आम्ही पोस्टकार्डे छापून आलो तेव्हा थोरल्या झेरूया सिस्टरांनी एक उचलून डोळ्यांजवळ नेले. "अगं बाई! हिच्या आरपार दिसतंय. आणि चेहरा कुठाय?"

"हलले म्हणून तसं आलंय," लव्हिना हसली. "चिमटा काढून बघा हवं तर."

कोणी चिमटा काढला नाही. जेवताना तिच्या शेजारी कोणी बसेनासे झाले. महिन्याभरात ती तापाने गेली. झेरूयांनी माझी सगळी भावंडे चुलीत घातली. धाकट्या सिस्टर पर्मीलियाने मला तेवढे एप्रनखाली लपवले.

चाळीस वर्षे मी खणात पडून होते. ओल लागली, तशा बाकीच्या अकरा जणीही पुसट होत गेल्या. बाहेर त्या एकेक करून मरत होत्या. शेवटी वस्तीत एकटी पर्मीलिया उरली.

मग एके सकाळी लव्हिनाची मुलगी ड्रुसिला आली. शेकर पंथात आल्यावर आई आणि लेक वेगळ्या घरांत राहत. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि मामाने तिला नेले होते.

"तिचा चेहराच आठवत नाही हो, सिस्टर."

म्हाताऱ्या पर्मीलियाने मला तिच्या हातात ठेवले. ड्रुसिलाने त्या धुरकट जागेवर बोट फिरवले. "इथं तर काहीच नाही!"

"फोटोच्या दिवशी तू मुलांच्या घरात रडत होतीस. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं गं. हलली ती एकटी."

ड्रुसिलाने बोट शेजारच्या चेहऱ्यांवर नेले. मग तिने विचारले, "आणि या बाकीच्या कोण?"

पर्मीलियाने मला उजेडात धरले. "ही मी असेन... का ही?" ती पुटपुटली. तिला स्वतःलाही ओळखता येईना.

त्या दिवशी माझ्या पाठीवर एकच नाव लिहिले गेले: लव्हिना. उरलेल्या अकरा जणी अजून समोर टक लावून उभ्या आहेत आणि त्या कोण, ते मलाही ठाऊक नाही. मित्रांनो, तुमच्या घरातल्या फोटोंमागे नावे लिहा. सांगणारे माणूस आहे तोवर लिहा.