कुलूपवाल्यांचा मेल सर्व्हर

तिनं कीबोर्डवरचा लोखंडाचा कीस फुंकून उडवला आणि एंटर दाबलं. मेल सर्व्हर सुरू झाला. किल्ल्यांच्या फळीखाली जुना संगणक घरघरत होता. त्यावर लिनक्स घालून ती कालपासून त्याच्याशी झटत होती.

हट्ट बाबांचा. जन्मभर कुलपं दुरुस्त करणारा माणूस तो; आपलं टपाल परक्याच्या घरात का ठेवायचं, हा त्यांचा साधा सवाल. तिनं तीन-चार मेल सर्व्हर पाहिले आणि पोस्टफिक्स निवडला, कारण त्याची माहिती वाचून कळत होती. बाकीच्यांची वाचताना डोकं धरावं लागलं.

"आता कुणाला तरी बाहेरून मेल पाठवायला सांग," बाबा कानस चालवत म्हणाले.

"सांगितलंय. सुताराला."

कानस थांबली. चहा ओतता ओतता आईनं दोघांकडे पाहिलं.

हा सुतार गेल्या आठवड्यात नवा शर्ट घालून तिला मागणी घालायला आला होता. बाबांनी "आत्ता कामात आहे, नंतर या" म्हणून दारातूनच त्याची बोळवण केली. तो हिरमुसून गेला, तो फिरकलाच नाही. तेव्हापासून ती बाबांशी कामापुरतं बोलत होती. तिचा त्याच्यावर जीव होता आणि बाबांवरही, म्हणून तर पंचाईत.

मेल काही आला नाही.

"बिघडलं वाटतं," बाबा म्हणाले.

तिनं सर्व्हरच्या नोंदी चाळल्या.

"बिघडलं नाही. दारापर्यंत आला होता, आपल्या सर्व्हरनंच परत पाठवलाय. अनोळखी कुणी आलं की हा पहिल्यांदा आत घेत नाही, थोड्या वेळानं या म्हणतो. मीच तसं ठेवलंय."

"ते का?"

"कचरा मेल पाठवणाऱ्यांना दम नसतो, ते दुसरं दार बघतात. खरा असेल तो पुन्हा येतो."

बाबांचा चेहरा खुलला.

"अगं, हे माझंच की! अनोळखी माणूस जादा किल्ली करून मागायला आला, तर मी काय सांगतो?"

"उद्या या," आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून ऐकतेय. निम्मी गिऱ्हाइकं त्यातच गेली."

"चोर दुसऱ्यांदा येत नाही," बाबा ठसक्यात म्हणाले.

ती खुर्चीसकट वळली.

"बाबा, म्हणजे सुतारालाही तुम्ही..."

"नंतर या म्हटलं. नको कुठं म्हटलं?" त्यांचा आवाज उतरला. "रोज वाट बघतोय. त्याच्यापायी दुकान उशिरा बंद करतोय. येईना, तेव्हा वाटलं, याला तुझं काही पडलेलं नाही."

हसावं की ती कानस हिसकावून घ्यावी, तिला कळेना.

"मेल पाठवणाऱ्या सर्व्हरला ठाऊक असतं पुन्हा यायचं. त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?"

तेवढ्यात पडद्यावर मेल उतरला. 'पोचला का? नसेल तर पुन्हा पाठवतो.'

बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"आता पुढच्या वेळी अडवेल का हा याला?"

"नाही. आता ओळख पटली. सरळ आत."

बाबांनी तिला उठवलं, खुर्चीत बसले आणि एका बोटानं उत्तर लिहिलं. 'आज या.' मेल गेला, तरी ते पडद्याकडेच बघत राहिले.

"काय गं, त्याचा सर्व्हर आपल्याला आत घेईल ना? का तोही नंतर या म्हणेल?"

"म्हणूही शकतो," ती म्हणाली.

बाबांनी चिंधीला हात पुसले, चपला पायांत सरकवल्या आणि दुकान उघडंच टाकून सुताराच्या गल्लीकडे निघाले.